शार्लोट तलावाची फेरी: मुले आणि आजी बरोबर असताना माथेरानचा दिवस कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कल्याणला राहणाऱ्या एका बाईंना घरच्यांसह माथेरानला जाऊन एका दिवसात परत यायचे आहे. बरोबर पती, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या ६७ वर्षांच्या सासूबाई असतील. शार्लोट तलावाची फेरी ‘सोपी’ आहे असे त्यांनी बऱ्याच ठिकाणी ऐकले आहे. ती खरोखर किती लांब आहे, मुलाला झेपेल का, घोडा करावा का, कोणत्या दिवसांत जावे आणि सासूबाईंना नेणे योग्य होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी या डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि बरीच वर्षे शाळांच्या व कुटुंबांच्या गटांना या वाटांवर निसर्गभ्रमंतीसाठी नेत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर तलावाची फेरी सोपीच आहे, पण तुमचा दिवस सोपा जाईल की नाही हे त्या फेरीवर ठरत नाही. ते ठरते फेरी सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर तुम्हाला किती चालावे लागते त्यावर. माथेरानला दमून, रडकुंडीला येऊन परतणारी जी कुटुंबे मी पाहतो, त्यांतील बहुतेकांनी तलावापर्यंतचे अंतर विचारलेले असते, मात्र दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचे अंतर हिशेबात धरलेले नसते.

म्हणून आधी तो हिशेब मांडू. माथेरानमध्ये खाजगी मोटारी चालत नाहीत. हा परिसर २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आहे आणि वाहनबंदी तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनची आहे. नेरळहून घाट चढून आलेली प्रत्येक टॅक्सी आणि प्रत्येक मोटार दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटर आहे. बाजारपेठेतून शार्लोट तलाव साधारण दोन किलोमीटर. तलाव, त्याच्या आजूबाजूचे पॉइंट आणि वेगळ्या वाटेने बाजारात परत अशी पूर्ण फेरी केली, तर कोणत्या पॉइंटपर्यंत आत शिरता त्यानुसार ती पाच ते सहा किलोमीटरची होते. यात दस्तुरीहून येण्याजाण्याचे पाच किलोमीटर मिळवले की बेरीज दहा-अकरा किलोमीटरवर जाते. सहा वर्षांच्या मुलाला सहा किलोमीटर जमतात, अकरा जमत नाहीत. आणि न जमणारे शेवटचे पाच किलोमीटर नेमके दुपारनंतर, सगळे थकलेले असताना, घरी पोहोचायची घाई असताना चालावे लागतात.

यावर उपाय आहे तो अमन लॉज ते माथेरान या शटल गाडीचा. अमन लॉज स्टेशन दस्तुरी नाक्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे आणि तिथून छोटी गाडी थेट बाजारातल्या माथेरान स्टेशनात आणून सोडते. तुमच्या कुटुंबासाठी ही गाडी हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून धरा. नेरळपासून पूर्ण प्रवास करणारी गाडी १९०७ साली सुरू झाली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणे घेत चढणारी ती गाडी मुलांना फार आवडते, यात शंका नाही. परंतु ती वर पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ घेते, जागा मोजक्या असतात आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. एका दिवसात परतायचे असेल तर त्या गाडीचा मोह टाळून नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत यावे आणि पुढे शटल घ्यावी, असे मी सुचवेन. घाटाची वळणे तीव्र आहेत. मुलाला गाडी लागत असेल तर नेरळला पोटभर नाश्ता देऊ नका. तो बाजारात पोहोचल्यावर द्या.

शटलची तिकिटे गाडीच्या थोडा वेळ आधी मिळतात, आणि शनिवार-रविवारी रांग इतकी वाढते की दहानंतर आलेल्यांना दोन-दोन गाड्या सोडाव्या लागतात. म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी या. तसे जमत नसेल तर कल्याणहून पहाटेची कर्जत लोकल पकडून आठच्या सुमारास दस्तुरीला असा. दस्तुरीला प्रवेश-कर भरावा लागतो, त्यासाठी आणि पुढच्या किरकोळ खर्चासाठी थोडी रोख रक्कम बरोबर ठेवा. दस्तुरीवर उतरताच घोडेवाले आणि सामान वाहणारे तुमच्याभोवती जमतील. ते त्यांचे पोट आहे, त्यांच्याशी नीट बोला, पण “बाजार फार लांब आहे, चालणे होणारच नाही” हे ऐकून तिथल्या तिथे निर्णय घेऊ नका. आधी अमन लॉजला जाऊन पुढची शटल किती वाजता आहे ते पाहा.

आता मूळ फेरीकडे येतो. शार्लोट तलावाची फेरी म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या काठाकाठाने मारलेली प्रदक्षिणा येते. प्रत्यक्षात तसे नाही. हा तलाव म्हणजे गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी बांध घालून अडवलेले पाणी आहे. एका बाजूला बांध, त्यापलीकडे दरी आणि उरलेल्या बाजूंनी जंगल. तलावाच्या दक्षिणेकडे सिलिया आणि लॉर्ड हे पॉइंट आहेत, उत्तरेकडे एको पॉइंट आहे, आणि काठाजवळच माथेरानचे ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. बाजारातून एक रुंद वाट थेट तलावाकडे येते. त्यामुळे ही फेरी एक मोठे वर्तुळ समजण्यापेक्षा तलावापाशी जोडलेले दोन लहान फेरे समजावेत, एक दक्षिणेचा आणि एक उत्तरेचा. तुमच्यासारख्या कुटुंबासाठी ही फेरी मी निवडतो ती एवढ्याचसाठी. मोठ्या वर्तुळात अर्ध्यावर कुणी थकले तर पुढे जाणे आणि मागे फिरणे दोन्ही सारखेच लांब पडते. इथे तसे होत नाही. दर फेऱ्यानंतर तुम्ही तलावापाशी परत येता आणि तिथून बाजारात जाणारी सरळ वाट हाताशी असते.

माझा क्रम असा असतो. नऊ-साडेनऊला बाजारात नाश्ता आणि स्वच्छतागृह उरकायचे, कारण पुढे जंगलात त्याची सोय धरून चालता येत नाही. मग सगळ्यांनी एकत्र थेट वाटेने तलावाकडे निघायचे. लहान मूल बरोबर असताना मी ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त वेग कधीच धरत नाही. मूल सलग चालत नाही; ते थांबते, वाकते, काहीतरी उचलते, पुढे पळते आणि परत मागे येते. हा वेग मान्य केला की कुणाला कुणावर ओरडावे लागत नाही. म्हणजे साडेदहा-अकराच्या सुमारास तुम्ही पिसारनाथाच्या मंदिराजवळ असाल. तिथे झाडांची दाट सावली आहे, बसायला जागा आहे, शांत दिवस असेल तर पाण्यावरून येणारा गारवाही असतो. दर्शन घ्या, अर्धा तास विसावा घ्या, पाणी प्या.

इथे तुमच्या कुटुंबाने दोन गट करावेत, असा माझा आग्रह आहे. सासूबाईंनी आणि तुमच्यापैकी एकाने मंदिराच्या परिसरात थांबावे आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन दक्षिणेकडचे लॉर्ड आणि सिलिया पॉइंट पाहून यावे. थांबत-रमत गेले तरी तास-सव्वा तासात ते परत येतात. आजी मागे राहिल्या असे त्यांना वाटू देऊ नका. तलावाकाठी तास-दीड तास निवांत बसायला मिळणे हा माथेरानातला सर्वांत चांगला वेळ असतो, हे मी अनेक ज्येष्ठांच्या तोंडून ऐकले आहे. पक्षी पाहायचे असतील तर बसून राहणाऱ्यालाच ते अधिक दिसतात.

मुले परतल्यावर डबा खायचा आणि मग पुढे काय ते ठरवायचे. सगळे ताजेतवाने असतील तर उत्तरेकडे एको पॉइंटला जाऊन तिकडच्या वाटेने बाजारात परतायचे. कुणाचाही चेहरा उतरलेला दिसला तर आलेल्या सरळ वाटेने माघारी वळायचे. निर्णय इथेच घ्या, कारण एको पॉइंटपासून पुढे निघाल्यावर तो बदलणे अवघड जाते. एकोनंतर लुईझा पॉइंट जवळच आहे असे तुम्हाला हमखास सांगितले जाईल. नकाशावर तो जवळ आहेही, आणि तिथून दिसणारा प्रबळगड फार देखणा दिसतो. पण तेवढ्याने अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि शेवटी पायच नव्हे तर मुलाचा उत्साहही संपतो. प्रबळगडाचे पठार समोरच्या बाजूला एको पॉइंटवरूनही दिसते. लुईझा पुढच्या वेळेसाठी ठेवा.

चढ-उताराबद्दल थोडे स्पष्ट सांगतो, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न तिथेच आहे. तलाव बाजारापेक्षा खालच्या अंगाला आहे. जाताना उतार आहे आणि येताना चढ. दोन्ही मंद आहेत, कुठेही हाताने धरून चढावे लागत नाही. परंतु गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतारच जास्त जाणवतो आणि चढताना धाप लागते तरी दुखत नाही, असे बहुधा होते. म्हणून जाताना सावकाश जावे, पावले आखूड टाकावीत आणि हातात काठी असावी. बाजारात साध्या लाकडी काठ्या मिळतात; मुलांसाठीही घेतल्या जातात, पण मुलाच्या हातातली काठी पाच मिनिटांत तलवार होते, तेव्हा ती आजींनाच द्या. त्या घरी रोज किती चालतात हे मला माहीत असते तर अधिक नेमके सांगता आले असते. त्या न थांबता अर्धा तास सपाट रस्त्यावर चालू शकत असतील आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला सूज येत नसेल, तर तलावापर्यंत जाऊन सरळ वाटेने परत येणे त्यांना जमेल. भाजी आणायला जाऊन आल्यावरही पाय शेकावे लागत असतील, तर त्यांनी चालत तलावाला जाऊ नये.

तशा स्थितीत पर्याय कोणते? दस्तुरी ते बाजार या मुख्य रस्त्यावर ई-रिक्षा धावू लागल्या आहेत, मात्र त्यांची संख्या आणि वेळा पाहता संपूर्ण दिवसाचा बेत त्यांच्या भरवशावर आखू नये. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिले आहेत, आणि माणसाने माणसाला ओढणे थांबावे हे मला मनापासून योग्य वाटते. राहिला घोडा. आयुष्यात प्रथमच घोड्यावर बसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी मी घोडा सुचवत नाही. बसताना आणि उतरताना गुडघा पूर्ण वाकवावा लागतो, उतारावर शरीर पुढे झुकते आणि तोल सांभाळताना मांड्या भरून येतात. तलाव नकोच, असे ठरले तर सासूबाईंनी बाजाराजवळच्या पेमास्टर पार्कमध्ये बसावे. ती जागा सपाट आहे, सावली आहे, आणि तुमची वाट पाहताना त्यांना एकटे वाटणार नाही इतकी वर्दळही आहे.

मुलांसाठी घोड्याचा प्रश्न वेगळा आहे. मुले हट्ट करतील, आणि तो पुरवण्यात काही गैर नाही. फक्त तो बाजारात परतल्यावर, छोट्या फेरीसाठी पुरवा. सहा वर्षांच्या मुलाला सकाळीच घोड्यावर बसवले की उरलेल्या दिवसभर तो चालायला तयार होत नाही, हे मी सतत पाहतो. घोडा करायचाच असेल तर दर आधी ठरवून घ्या, कोणते पॉइंट आणि किती वेळ हे बोलून घ्या, डोक्याला शिरस्त्राण मागून घ्या आणि घोडेवाल्याने लगाम सोडून द्यायचा नाही अशी अट घाला. घोड्याच्या पाठीवर जखम दिसली किंवा तो लंगडत असेल तर तो घेऊ नका. इथले कितीतरी घोडेवाले जनावराला पोटच्या पोराप्रमाणे जपतात, त्यांनाच तुमचे पैसे मिळू द्या.

वाटेवर चालताना समोरून किंवा मागून घोडा आला तर कुठे उभे राहायचे हे मुलांना निघण्यापूर्वीच शिकवून ठेवा. नेहमी डोंगराच्या बाजूला, झाडाला टेकून उभे राहायचे. दरीच्या बाजूला कधीही नाही. घोडा बुजला तर तो माणसाला बाहेरच्या अंगाला ढकलतो. घोड्याच्या मागे उभे राहायचे नाही आणि तो जवळ असताना पळायचे नाही, एवढे तीन नियम सहा वर्षांचे मूल सहज लक्षात ठेवते.

खरा धोका मात्र घोड्यांचा नाही. तो दोन ठिकाणी आहे, कड्यावर आणि पाण्यात.

माथेरानचा डोंगर खाली काळ्या कातळाचा आणि वर जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, भेगांतून खाली उतरते आणि त्याच्या पायाला बाहेर पडते. त्यामुळे कड्याच्या टोकाशी असलेले जांभ्याचे दगड खालून पोखरले जाऊ शकतात, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला आपण भरीव जमिनीवर उभे आहोत की पुढे आलेल्या पोकळ कडेवर, हे कळायला मार्ग नसतो. पॉइंटवर जिथे कठडे आहेत तिथे कठड्याच्या आतच राहावे. दोन पॉइंटांच्या मधल्या वाटेवर अनेक ठिकाणी झाडीआड दरी आहे आणि तिथे कठडा नाही. माझ्या गटात मुलांसाठी एकच नियम असतो: दरी दिसायला लागली की मोठ्या माणसाचा हात धरायचा, आणि दरी दिसेनाशी झाल्यावरच सोडायचा. ‘जपून जा’ या शब्दांचा मुलांवर काही परिणाम होत नाही. ‘दरी दिसली की हात’ हे त्यांना पक्के समजते. तुम्ही दोघे मोठे आणि मुले दोन. मुलांना घेऊन एकटेच गेलात तर एकेका हाताला एक मूल असे चालता येते, म्हणून तेव्हा खांद्याला पिशवी लटकवू नका, पाठीवरची घ्या. छायाचित्रासाठी मुलांना कठड्यावर बसवणारे पालक मला दर आठवड्याला दिसतात आणि प्रत्येक वेळी मी त्यांना जाऊन सांगतो. तुम्हीही सांगा.

तलावाबद्दल त्याहून कडक शब्दांत सांगतो. शार्लोट तलाव पोहण्यासाठी नाही, पाय सोडून बसण्यासाठीही नाही. वरून पाणी संथ दिसते, पण काठ निसरडा आहे आणि खोली एकदम वाढते. या तलावात बुडून पर्यटकांचे जीव गेले आहेत, आणि त्यांत पोहता येणारी तरुण मुलेही होती. शिवाय हे पाणी गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी राखलेले आहे. दगड भिरकावणे, हात-तोंड धुणे, डबा विसळणे यांपैकी काहीही तिथे करू नये. पावसाळ्यात बांधावरून पाणी ओसंडू लागले की लोक त्यावर चढून उभे राहतात. मुलांना तिकडे फिरकूही देऊ नका.

कोणत्या दिवसांत जावे, हे तुम्ही विचारले आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तुमच्यासाठी सर्वांत चांगला. हवा थंड असते, वाटा वाळलेल्या असतात, दूरवरचे स्वच्छ दिसते. एप्रिल-मेमध्ये कल्याणच्या मानाने इथे बरे वाटते आणि वाटांवर सावली असल्याने उन्हाचा त्रास कमी होतो. करवंदे आणि जांभळे हा त्या दिवसांतला मुलांचा मोठा आनंद. मात्र सुट्ट्यांची गर्दी आणि धूळ सोसावी लागते. पावसाळ्याची ओढ मी समजू शकतो, कारण जुलैतले माथेरान ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. तरीही सहा वर्षांचे मूल आणि गुडघे दुखणारी आजी यांना घेऊन जून ते सप्टेंबर या काळात ही फेरी करू नये, असे माझे ठाम मत आहे. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, म्हणजे वर सांगितलेला ‘दरी दिसली की हात’ हा नियमच निकामी होतो, आणि शेवाळलेल्या जांभ्यावर चांगल्या बुटांचीही पकड राहत नाही.

बूट कोरड्या दिवसांतही महत्त्वाचे आहेत. दस्तुरीपासून गावात येणाऱ्या मुख्य रस्त्यावर काही भागात पेव्हर ब्लॉक आहेत, पण तलावाकडच्या आणि पॉइंटांच्या वाटा तांबड्या मातीच्या आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात असे मला वाटते. उन्हाळ्याच्या तोंडाला या मातीवर जांभ्याची बारीक, गोल खडी सुटते. उतारावर पाय टाकला की ती तळव्याखाली मण्यांसारखी घरंगळते आणि माणूस सरळ मागे बसतो. त्यातच झाडांची मुळे वाटेला आडवी आलेली असतात, घोड्यांच्या टापांनी गुळगुळीत झालेली. म्हणून तळाला खाचा असलेले, टाच बंद असलेले बूट सगळ्यांनी घालावेत. चपला नकोत, नवे बूटही नकोत, आणि पांढरे कपडे तर मुळीच नकोत, कारण ही तांबडी माती धुतल्याने जात नाही. बाबागाडी या वाटांवर निरुपयोगी आहे. मुलगा थकला तरी त्याला खांद्यावर बसवून मुळांच्या वाटेने चालू नका. दहा मिनिटे थांबा, खायला द्या आणि पुन्हा चालवा.

खाण्याचा विषय निघाला म्हणून माकडांबद्दल सांगतो. इथे दोन जातींची माकडे दिसतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे बहुधा झाडांवर राहतात आणि माणसापासून अंतर ठेवतात. दुसरी लहान, तांबूस तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेली टोपीमाकडे. पर्यटकांच्या हातातले हिसकावतात ती हीच. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज बरोबर ओळखता येतो. वेफर्सचे पाकीट फोडले की झाडावरून मान वळते, आणि मूल पहिला घास तोंडात घालायच्या आत माकड त्याच्या पायाशी असते. म्हणून खाऊ डब्यात न्या, पाकिटात नको. डबा चेन असलेल्या पिशवीत ठेवा आणि चालता चालता खाणे टाळा. माकडाने काही धरलेच तर ओढाताण न करता सोडून द्या, कारण चावा त्या ओढाताणीतच बसतो. माकड चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, म्हणजे रेबीजची लस द्यायची की नाही ते ते ठरवतील. माकडांना हौसेने खायला घालू नका, कारण त्यांना ही खोड माणसांनीच लावली आहे.

सहा वर्षांच्या मुलाला तीन-चार तास चालते ठेवायचे तर त्याला ‘अजून थोडेच’ असे सांगत राहून भागत नाही. त्याला शोधायला काहीतरी द्यावे लागते, आणि या वाटेवर ते भरपूर आहे. झाडांच्या उंच फांद्यांच्या बेचक्यात पानाकाटक्यांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ते शेकरूचे घरटे असते. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधते, त्यामुळे घरटे दिसणे सोपे आणि शेकरू दिसणे अवघड. ती दिसली तर आधी आवाजाने कळते, टकटक तुटक ओरडत असते, आणि मग तांबूस-तपकिरी अंग व मागे लोंबणारी झुबकेदार शेपटी दिसते. आपला राज्यप्राणी झाडावरून झाडावर झेप घेताना प्रत्यक्ष पाहिलेले मूल ते कधी विसरत नाही. फांद्यांवर काळपट, खवल्या-खवल्यांचे गोळे दिसतात, ती मुंग्यांची घरे. पावसाळा संपता संपता वाटेच्या दोन्ही बाजूंना ताणलेली मोठी सोनेरी जाळी आणि मधोमध बसलेला हाताच्या पंजाएवढा कोळी दिसतो. तो माणसाच्या वाटेला जात नाही. अकरा वर्षांच्या मुलीला वही-पेन्सिल द्या आणि जे दिसेल ते तिने लिहून ठेवायचे, असे काम नेमून द्या. धाकट्याला शोधण्याचे काम, थोरलीला नोंदीचे. या वयाच्या भावंडांना सारखेच काम दिले की भांडण होते.

दगडांच्या कपारीत, पालापाचोळ्यात आणि पोकळ खोडात हात घालायचा नाही, हे तेवढे बजावून ठेवा. साप सहसा दिसतही नाहीत, पण जंगल त्यांचेच आहे. एको पॉइंटवर एकदा हाक मारून प्रतिध्वनी ऐकू द्या, मुलांचा तो हक्कच आहे. तलावाकडच्या झाडीत मात्र आवाज हळू ठेवला तर शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, अगदी माणसाने वाजवावी तशी.

पाण्याचा हिशेब मी माणशी एक लिटर धरतो आणि दोनशे मिलीलिटर जास्तीचे. वाटेत लिंबूपाणी, काकडी, मक्याचे कणीस विकणारे भेटतात, मात्र मधल्या वारी त्यांच्या भरवशावर राहू नये. रिकाम्या बाटल्या आणि कागद परत बाजारात आणा. विजेरी हवीच, मोबाइलची चालेल पण त्याची बॅटरी राखून ठेवा. दाट झाडीत सूर्यास्ताच्या बराच आधी अंधारून येते. तुम्ही पाचपर्यंत बाजारात असायला हवे, ते याच कारणाने आणि परतीच्या शटलसाठी.

परतीची शटल हा दिवसाचा शेवटचा अडचणीचा टप्पा आहे. संध्याकाळी सगळेच एकदम निघतात. म्हणून सकाळी माथेरान स्टेशनात उतरल्याबरोबर संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा आणि तिकीटखिडकी कधी उघडते ते विचारून घ्या, आणि तलावाहून परतल्यावर खरेदीला जाण्याआधी एकाने थेट रांगेत उभे राहावे. चिक्की आणि चपला दुसरा कुणीही घेऊ शकतो. तिकीट मिळालेच नाही तर सासूबाईंसाठी ई-रिक्षाची चौकशी करा, आणि बाकीच्यांनी उजेड असतानाच दस्तुरीकडे चालायला लागा. हा रस्ता रुंद आहे आणि त्यावर वर्दळ असते, वाट चुकण्याची भीती नाही. सकाळी आलात तेव्हाच शटलची रांग आवाक्याबाहेर दिसली आणि सगळ्यांना दस्तुरीहून चालावे लागले, तर त्या दिवशी पॉइंट सोडून द्या. फक्त तलाव, पिसारनाथ आणि डबा, आणि सरळ वाटेने परत. तेवढ्यानेही मुलांचे नऊ किलोमीटर होतात.